पंचावन्नची रेघ आणि निमंत्रणाचे दार

न्यूयॉर्क राज्यातील राय या गावी अपावामिस नावाचा एक जुना क्लब आहे. होरेस हॉचकिस या त्याच्या सदस्याने 1905 साली एक साधी कल्पना मांडली. ज्यांच्या वयाची 55 वर्षे पूर्ण झाली आहेत अशा, निरनिराळ्या क्लबांतील गोल्फ खेळाडूंना निमंत्रणे धाडावीत आणि त्यांची आपापसांत स्पर्धा लावावी, अशी ती कल्पना होती. स्पर्धा झाली, सर्वांना आवडली आणि दरवर्षी भरू लागली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्याच वर्षी, म्हणजे 1917 साली, या वार्षिक मेळाव्यातून ‘युनायटेड स्टेट्स सीनियर्स गोल्फ असोसिएशन’ ही रीतसर संघटना उभी राहिली. ज्येष्ठ गोल्फ खेळाडूंची सर्वांत जुनी राष्ट्रीय संघटना म्हणून तिचे नाव घेतले जाते. शंभरी ओलांडलेल्या संस्थांचा इतिहास बहुधा गौरवग्रंथाच्या सुरात सांगितला जातो, आणि या संस्थेच्या वाट्याला गौरव यावा असे तिने केलेही आहे. तरीही मला त्या इतिहासाकडे वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटते. या संघटनेने जगाला एक मोलाची कल्पना दिली, पण ती देताना दार किलकिलेच ठेवले. आणि ज्यांच्यावर ते दार सताड उघडण्याची जबाबदारी होती, त्या सार्वजनिक स्वरूपाच्या संस्थांनी, संघटना आहेच ना, अशा समजुतीत पन्नास वर्षे काढली.

आधी कल्पनेचे मोल पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान पन्नाशीच्याही आत होते. हा आकडा बालमृत्यूंमुळे खाली ओढला गेलेला होता, त्यामुळे पंचावन्न गाठलेला माणूस पुढेही बरीच वर्षे जगत असे, हे खरे. पण पंचावन्नाव्या वर्षी माणूस ‘म्हातारा’ ठरतो याविषयी कोणाला फारशी शंका नव्हती. वॉल्टर ट्रॅव्हिसने गोल्फची काठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्याची पस्तिशी जवळ आली होती. पुढे 1900, 1901 आणि 1903 अशी तीन वर्षे त्याने अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि 1904 साली ब्रिटनमधील हौशी स्पर्धाही मारली. पण चाळिशीच्या आसपासच्या या माणसाला गोल्फच्या जगात ‘ओल्ड मॅन’ हेच नाव पडले होते. अशा काळात कोणीतरी पंचावन्नवर रेघ ओढून, ‘या रेघेच्या पलीकडे खेळ संपत नाही, तर नव्याने सुरू होतो,’ असे म्हणावे, हे सोपे नव्हते.

गोल्फमध्ये हँडिकॅपची सोय आधीपासूनच होती, मग वयाचा वेगळा गट कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. हँडिकॅप ही हिशेबाची युक्ती आहे. कमजोर खेळाडूला काही फटक्यांची सवलत देऊन ती त्याला बलवान खेळाडूच्या बरोबरीला आणून बसवते, आणि मित्रमंडळींच्या खेळात तेवढे पुरते. परंतु सवलत घेऊन जिंकणाऱ्या माणसाला आपण सवलत घेतली आहे हे ठाऊक असते. साठीच्या माणसाचा लांब फटका आखूड झालेला असतो, कंबर पूर्वीसारखी वळत नाही. मात्र हिरवळीवरचा छोटा, मोजका फटका आणि कोणत्या वेळी धोका पत्करायचा याची जाण अजून शाबूत असते, कदाचित अधिक पक्व झालेली असते. समवयस्कांच्या स्पर्धेत तो जे फटके मारतो ते सगळे जमेस धरले जातात, त्यांतून काही वजा होत नाही. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायची पद्धत आहे. या खेळात साठीची बुद्धीच बहुतेक वेळा शरीराला सांभाळून नेते. सॅम स्नीड या नामवंत अमेरिकी व्यावसायिकाने 1979 साली, वयाच्या 67व्या वर्षी, तरुण व्यावसायिकांच्या मुख्य दौऱ्यावरील, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेतील, एका स्पर्धेत एका दिवशी नेमक्या 67 फटक्यांत फेरी पूर्ण केली आणि त्याच स्पर्धेत पुढे 66 फटक्यांचीही. वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत अठरा होल संपवणे हा ज्येष्ठ गोल्फ खेळाडूंचा खास मानबिंदू आहे, आणि वय वाढेल तसे ते उद्दिष्ट एका परीने जवळ येत जाते. असा गमतीशीर हिशेब दुसऱ्या कोणत्या खेळात असेलसे वाटत नाही.

तेव्हा हॉचकिस आणि त्याच्या सोबत्यांना जे सुचले ते खेळाच्या स्वभावाला धरून होते, आणि म्हणूनच ते पसरलेही वेगाने. 1918 साली कॅनडात तशीच संघटना स्थापन झाली. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी दिलेल्या चषकासाठी दोन्ही देशांचे ज्येष्ठ एकमेकांविरुद्ध खेळू लागले. 1926 साली ब्रिटनमध्ये ‘सीनियर गोल्फर्स सोसायटी’ निघाली. म्हणजे वीस-बावीस वर्षांत एका क्लबाच्या अंगणातील मेळाव्याचे तीन देशांत पसरलेले बंधुमंडळ झाले.

आता त्या बंधुमंडळात कोण होते ते पाहिले पाहिजे. स्पर्धा निमंत्रितांची होती आणि पुढे संघटनेचे सदस्यत्वही शिफारशीने मिळणारे झाले. शिफारस मिळायची तर आधी कोणत्या तरी खासगी क्लबाचे सदस्य असावे लागे, आणि त्या काळच्या खासगी क्लबांत प्रवेश मिळायचा तर पैसा, कुळ, वर्ण आणि धर्म या चारही चाळण्यांतून पार पडावे लागे. एकाच वर्गातील माणसे एकत्र जमली तर त्यांना कोणी दोष देऊ नये. पण जेव्हा अशी माणसे आपल्या पाटीवर देशाचे नाव लिहितात, तेव्हा ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ विचारण्याचा अधिकार पाटीबाहेरच्यांना मिळतो. देशभरातील क्लबांतून माणसे निवडली म्हणून संघटना देशव्यापी ठरेल. देशातील प्रत्येक पात्र खेळाडूला तिच्यात वाट असेल तरच ती राष्ट्रीय म्हणता येईल. पंगत मोठी असणे आणि पंक्तिप्रपंच नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच्या जोडीला अमेरिकेतील गोल्फची नियामक संस्था, म्हणजे 1894 साली पाच क्लबांनी मिळून स्थापन केलेली युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन, काय करीत होती ते ठेवून पाहावे. तिने 1895 साली पुरुषांची हौशी स्पर्धा, खुली स्पर्धा आणि स्त्रियांची हौशी स्पर्धा सुरू केली. सार्वजनिक कोर्सवर खेळणाऱ्या, कोणत्याही खासगी क्लबाचे सदस्य नसलेल्या खेळाडूंसाठी 1922 साली वेगळी राष्ट्रीय स्पर्धा काढली. त्यामुळे ही संस्था क्लबांच्या भिंतींपलीकडे पाहतच नव्हती असा आरोप कोणी करू शकणार नाही. 1948 साली तिने कुमारांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ज्येष्ठांची पाळी आली ती 1955 साली, नॅशव्हिलच्या बेल मीड क्लबावर. ठरावीक हँडिकॅपच्या आतले आणि 55 पूर्ण केलेले हौशी खेळाडू तीत अर्ज करू शकत होते. वयाची अट हॉचकिसचीच राहिली, निमंत्रणाची मात्र गेली. अपावामिसच्या पहिल्या स्पर्धेपासून या दिवसापर्यंत बरोबर पन्नास वर्षे गेली होती.

हा विलंब का झाला? माझे अनुमान असे की, ज्यांची तक्रार ऐकली गेली असती त्यांना तक्रारीचे कारणच उरले नव्हते. नियामक संस्थेच्या समित्यांवर जी वजनदार, वयस्क मंडळी बसत, ती याच खासगी क्लबांच्या जगातून येत, आणि त्यांच्यासाठी एक देखणी वार्षिक स्पर्धा आधीच सजलेली होती. उरलेल्या ज्येष्ठांची, म्हणजे सार्वजनिक कोर्सवर सकाळी रांग लावणाऱ्या निवृत्त शिक्षकाची किंवा टपाल कारकुनाची, गरज कागदावर दिसण्यासाठी कोणी तरी ती मांडावी लागते. खासगी सोय चांगली झाली की सार्वजनिक सोयीची निकड ओसरते, हा अनुभव शाळा, दवाखाने, बागा अशा कितीतरी बाबतींत येतो. ज्येष्ठांच्या संघटनेने कोणावर मुद्दाम अन्याय केला असे मी म्हणत नाही. तिच्या नुसत्या असण्याने एक उणीव झाकली गेली आणि ज्यांनी ती भरून काढायची त्यांना उशीर करण्याची मुभा मिळाली, एवढेच माझे म्हणणे आहे.

व्यावसायिकांच्या जगात हाच प्रश्न अधिक कडवट रूपात दिसतो. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे पीजीए ऑफ अमेरिकाने, 1937 साली ऑगस्टा नॅशनलच्या कोर्सवर ज्येष्ठ व्यावसायिकांची पहिली स्पर्धा घेतली; जॉक हचिसन तीत जिंकला. येथे वयाची अट पन्नास होती. हौशी माणसाने पंचावन्नपर्यंत थांबावे आणि व्यावसायिकाने पन्नासलाच ज्येष्ठ व्हावे, यामागे पोटाचा प्रश्न होता असे म्हणता येईल. परंतु याच संघटनेने 1934 साली आपल्या घटनेत केवळ गोऱ्या वंशाच्या खेळाडूंनाच सदस्यत्व देणारे कलम घातले होते आणि ते 1961 पर्यंत टिकले. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूची पंचविशी-तिशीची, म्हणजे खेळाडूच्या ऐन भराची, वर्षे त्या कलमाच्या बाहेर उभे राहण्यात गेली. कलम हटले तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. त्यानंतर त्याने 1967 साली हार्टफर्डची आणि 1969 साली लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकली, आणि 1975 साली, वयाच्या 52व्या वर्षी, त्याच पीजीएची ज्येष्ठांची स्पर्धा जिंकली. ज्या संघटनेने त्याचे तारुण्य नाकारले तिच्याच ज्येष्ठांच्या चषकावर त्याचे नाव कोरले गेले. ज्येष्ठांच्या खेळाचे खरे सामाजिक मोल मला येथे दिसते. ज्यांना तरुणपणी सगळे मिळाले त्यांच्यासाठी तो आठवणींचा सोहळा असतो. ज्यांना तेव्हा दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी ती उशिरा का होईना मिळालेली संधी असते. म्हणून ज्येष्ठांच्या स्पर्धेत प्रवेश कोणाला, हा प्रश्न तरुणांच्या स्पर्धेतील प्रवेशापेक्षाही नाजूक आहे. तरुणांच्या स्पर्धेतील अन्याय येथे थोडासा भरून निघू शकतो, आणि येथेही तीच चाळणी लावली तर तो कायमचा होतो.

पुढची कथा दूरचित्रवाणीची आहे आणि ती बरीच परिचित असल्याने लांबवत नाही. 1978 साली टेक्सासमध्ये जुन्या नामवंतांची एक स्पर्धा पडद्यासाठी भरवली गेली, पुढच्या वर्षी तिच्यातील सहा होलपर्यंत ताणलेल्या बरोबरीच्या लढतीने प्रेक्षकांना खिळवून ठेवले, आणि 1980 साली ज्येष्ठ व्यावसायिकांचा स्वतंत्र दौराच सुरू झाला. त्याच वर्षी नियामक संस्थेने ज्येष्ठांची खुली स्पर्धा काढली, तीही 55 वर्षांच्या अटीने. अर्जेंटिनाचा रॉबर्टो दि व्हिसेन्झो तीत पहिला विजेता ठरला. दुसऱ्याच वर्षी ही अट पन्नासवर आली. अर्नोल्ड पामरला नुकतीच पन्नाशी पूर्ण झाली होती, आणि 1981 ची स्पर्धा त्यानेच जिंकली. लोकांनी यावरून काय निष्कर्ष काढायचा तो काढला. मला त्यात फारसे वावगे वाटत नाही, कारण वयाची कोणतीही रेघ शेवटी माणसानेच ओढलेली असते. मात्र एका लोकप्रिय माणसासाठी जी रेघ वर्षभरात पाच घरे मागे सरकली, तिच्यासाठी अनाम माणसांना अर्धे शतक थांबावे लागले होते, हे लक्षात राहते.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चार मित्रांनी स्वतःच्या खर्चाने एकत्र जमून खेळायचे ठरवले, तर त्यात कोणाला घ्यावे हे त्यांनीच ठरवायला नको का? निवडीशिवाय स्नेह राहत नाही; पंचावन्नच्या पुढे माणसाला स्पर्धेपेक्षा सोबत हवी असते, आणि सोबत अर्ज मागवून मिळत नाही. हे मला मान्य आहे. कायद्याचा बडगा उगारून एखाद्या मंडळात माणसे घुसवावीत, असे मी कधीच सुचवणार नाही. पण ‘स्वतःच्या खर्चाने’ या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. गोल्फला शेकडो एकर जमीन लागते, आणि शहराजवळच्या अशा जमिनीवर अमेरिकेतील अनेक राज्यांनी करात सवलती दिल्या आहेत. कॅलिफोर्नियाने 1960 साली मतदान घेऊन राज्यघटनेतच तरतूद केली की, ना-नफा तत्त्वावरील गोल्फकोर्सच्या जमिनीचे मूल्यांकन तिचा गोल्फसाठी होणारा वापर धरूनच करावे. तेथे घरे किंवा दुकाने उभी राहिली तर तिची किंमत काय होईल, हे पाहू नये. खासगी क्लबाच्या हिरवळीला अशा रीतीने बाहेरच्या करदात्यांचेही पाणी मिळत असते.

या गुंत्यातून बाहेर पडण्याची एक वाट मेरीलँड राज्याने दाखवली आहे. बेथेस्डा येथील बर्निंग ट्री हा क्लब केवळ पुरुषांचा. मोकळी जागा राखल्याबद्दल त्याला मालमत्ता करात मोठी सवलत मिळत असे. भेदभाव करणाऱ्या क्लबाला ही सवलत मिळू नये असा कायदा राज्याने केला, वाद न्यायालयात गेला आणि 1989 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या विरुद्ध निर्णय दिला. क्लबाने सवलत सोडली आणि आपला नियम ठेवला. मला हा निकाल अत्यंत न्याय्य वाटतो, कारण त्यात कोणाचेही स्वातंत्र्य गेले नाही. फक्त त्या स्वातंत्र्याची किंमत ज्याची त्याने भरली. 1990 साली अलाबामातील शोल क्रीक क्लबाच्या प्रमुखाने कृष्णवर्णीयांना सदस्यत्व देण्याविषयी जे उद्गार काढले त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा व्यावसायिक दौरा, पीजीए आणि नियामक संस्था या सगळ्यांनीच, भेदभाव करणाऱ्या क्लबांवर यापुढे स्पर्धा भरवणार नाही, असे धोरण घेतले. त्या धोरणामुळे काही क्लबांनी दार उघडले आणि काहींनी स्पर्धा सोडल्या. दोन्ही गोष्टी चालण्यासारख्या आहेत.

हेच तत्त्व ज्येष्ठांच्या संघटनांनाही लावावे, असे माझे मत आहे. जिला निमंत्रणावर चालायचे आहे तिने खुशाल चालावे, जुने चषक जपावेत, दुपारच्या जेवणानंतर जुन्या फटक्यांच्या गोष्टी सांगाव्यात. मात्र करसवलतीच्या हिरवळीवर, देशाचे नाव लावून, ‘राष्ट्रीय विजेता’ घोषित करायचा असेल, तर स्पर्धेच्या काही जागा तरी खुल्या पात्रता फेरीतून भराव्यात. अशाने मंडळाचे सदस्यत्व बदलत नाही, केवळ किताबाला अर्थ येतो. शिवाय नियामक संस्थांनी खासगी मंडळांच्या आड लपू नये. कोणत्याही वयोगटाची राष्ट्रीय स्पर्धा भरवणे हे त्यांचे काम आहे, आणि एखादे खासगी मंडळ ते अर्धवट करीत आहे, ही सबब चालता कामा नये.

ही सबब किती काळ चालू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण स्त्रियांचे आहे, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवले. ज्येष्ठ स्त्रियांनी 1920 च्या दशकातच पुरुषांच्या धर्तीवर आपली संघटना उभी केली होती. नियामक संस्थेने त्यांची हौशी राष्ट्रीय स्पर्धा 1962 साली, म्हणजे पुरुषांच्या सात वर्षांनंतर, सुरू केली. मॉरीन ऑर्कट ही पहिली विजेती. परंतु खुल्या स्पर्धेची, जीत व्यावसायिक आणि हौशी दोघीही खेळू शकतात, गोष्ट वेगळी झाली. पुरुष ज्येष्ठांना ती 1980 साली मिळाली. स्त्रियांना ती 2018 साली मिळाली. मधल्या अडतीस वर्षांत ज्येष्ठ व्यावसायिक स्त्रियांनी स्वतःच दौरा उभारला, स्वतः पुरस्कर्ते शोधले, आणि ‘त्यांचे चालले आहे ना’ या समजुतीला पुन्हा एकदा आधार मिळाला.

ती पहिली स्पर्धा शिकागो गोल्फ क्लबवर झाली. 1894 साली नियामक संस्था स्थापन करणाऱ्या पाच क्लबांपैकीच तो एक. इंग्लंडची लॉरा डेव्हिस दहा फटक्यांच्या अंतराने जिंकली. पण स्पर्धेचा पहिला फटका मारण्याचा मान जोअ‍ॅन कार्नरला दिला गेला होता. कार्नरने स्त्रियांची अमेरिकन हौशी स्पर्धा पाच वेळा आणि खुली स्पर्धा दोनदा जिंकलेली. पुरुषांच्या बरोबरीने 1980 साली ही स्पर्धा सुरू झाली असती, तर 1989 पासून, वयाच्या पन्नासाव्या वर्षापासून, ती तीत खेळू शकली असती. 2018 च्या त्या जुलै महिन्यात ती 79 वर्षांची होती, आणि पहिल्या दिवसाची फेरी तिने 79 फटक्यांत पूर्ण केली.